‘भ’ म्हणजे भरलेली

आमच्या मोटारीचे सगळे काटे बंद होते आणि त्यामुळे आमचं काहीही अडत नव्हतं.

मोटार अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. परभणीत एका सरकारी खात्यात त्यांनी तीस वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यातली वीस याच मोटारीवर. मोटार विलायती, पण कुठल्या घराण्यातली ते कोणालाच सांगता येत नसे, कारण तिच्या नाकावरची नावाची पट्टी निजामाच्या राज्याबरोबरच गेली होती. कुणा तालुकदारसाहेबांनी ती आणली, पुढं ती खात्यात आली. साहेब येत गेले, जात गेले. मोटार आणि अण्णा तेवढे कायम. अण्णा निवृत्त झाले त्याच वर्षी मोटारही निवृत्त होऊन लिलावात निघाली आणि अण्णा तिला घरी घेऊन आले.

माय दारात उभी होती. मोटारीला खालून वरून न्याहाळत म्हणाली, "दिवसभर तिच्यासंगच असायचे. आता मुक्कामालाबी आणली का?"

तर काटे बंद होते. पेट्रोल किती आहे ते बघायला अण्णांकडं कळकाची एक काठी होती. ती टाकीत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. इंजिन तापलं का, ते तळहात सांगायचा. आणि वेग? पहिल्या साहेबांनी अण्णांना हुकूम दिला होता, "किसन, चाळीसच्या वर न्यायची नाही." मैलांचा जमाना होता. साहेब बदलीवर गेले, वारले, तरी हुकूम चालू होता. चाळीस झाले की डाव्या दाराची काच खडखडायची. काच वाजली की अण्णा पाय उचलायचे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि मग मी मधे पडले.

मी स्वप्नाळू होते. (माय याला दुसरा शब्द वापरायची. तो इथं लिहीत नाही.) तव्यावरच्या भाकरीवर डाग पडायला लागले की मला त्यात ढग, हरणं, डोंगर दिसायचे. ती उलटायची असते हे डोंगराचा कोळसा झाल्यावर ध्यानात यायचं. अशा मुलीला काय शिकवावं हा प्रश्नच नव्हता. औरंगाबादला राहून मी चित्रकलेच्या शिक्षिकेची परीक्षा दिली आणि पासही झाले. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. त्या कार्तिकात मला नेमणुकीचा हुकूम आला. जिंतूरची शाळा. पंधरा दिवसांत रुजू व्हा, नाहीतर नेमणूक रद्द.

अण्णांनी तो कागद उभ्यानं तीनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला, परत काढला, चौथ्यांदा वाचला. मग म्हणाले, "शाली, तू यष्टीनं जायचं न्हाई. मी सोडतो. मागच्या शिटावर बसायचं."

मागची सीट! तिच्यावर आमच्या घरातलं कोणी कधी बसलं नव्हतं. मोटार घरची झाली तरी माय पुढंच बसायची, तीही अर्धी. मागची सीट साहेबांची. अण्णा ती रोज पुसायचे आणि पुसून झाली की दार हळूच लावायचे, आत कोणी झोपलं असावं तसं.

मला भरून आलं. त्या भरात मी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि पहिल्यांदाच नीट समोर बघितलं. पाच तबकड्या. एक मोठी, चार लहान. उन्हानं पिवळ्या पडलेल्या, आकडे पुसलेले, चहा वाळलेल्या बशांसारख्या.

"अण्णा, ह्या तबकड्या मी नव्या करू? काटेबी चालू करून घेऊ."

"कशाला? काठी हाय की."

"साहेबाची गाडी काठीवर चालती व्हय?"

अण्णा हसले. ते मला आजवर कशाला नाही म्हणाले नव्हते. त्यांच्या हातून आयुष्यात झालेली ही एकमेव चूक.

काटे दुरुस्त करायचं काम मुनीरचाचांकडं गेलं. ते घड्याळसाज. स्टेशनरोडला त्यांचं दुकान एका कपाटाएवढं होतं आणि आत ते स्वतः आणि शंभरेक घड्याळं बसत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी वेगाची मोठी तबकडी उघडली आणि म्हणाले, "या अल्ला! इसमें तो मकड्यों का मोहल्ला बसा है!"

आठ दिवसांत त्यांनी मोहल्ला उठवला, तारा नव्यानं गुंडाळल्या, काटे हलते केले. मग वरच्या पत्र्याच्या चकत्या, म्हणजे ज्यांच्यावर आकडे असतात त्या, सुट्या करून माझ्या हातात दिल्या. दोन चकत्या त्यांनी वेगळ्या धरल्या. एक पेट्रोलची, एक उष्णतेची. आकार तोच, भोकं तीच.

"बेटी, ये दोनो जुडवे भाई हैं. देखको बिठाना. नै तो एक की जगा दुसरा जाको बैठता."

"हो चाचा," मी म्हणाले. त्या वेळी त्यांच्या मागच्या भिंतीवर शंभर लंबक वेगवेगळ्या चालीनं हलत होते आणि मला ते शेतात वाऱ्यावर डोलणाऱ्या कणसांसारखे दिसत होते. चाचा काय म्हणाले ते कानात शिरलं, पण बसायला त्याला जागा मिळाली नाही.

रंगवायला मी उरलेले दिवस घेतले. (सगळे मिळून पंधरातले चौदा गेले! पण घाईत कला होत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.) सगळ्या चकत्यांना गडद निळा रंग दिला, दिवेलागणीच्या आभाळाचा. त्यावर पांढरे मराठी आकडे. मैल जाऊन किलोमीटर आले होते, म्हणून मोठ्या तबकडीवर मी हिशोबानं किलोमीटर मांडले. पेट्रोलच्या चकतीवर डावीकडं ‘रि’ म्हणजे रिकामी, उजवीकडं ‘भ’ म्हणजे भरलेली. उष्णतेच्या चकतीवर डावीकडं ‘थं’ म्हणजे थंड, उजवीकडं ‘ग’ म्हणजे गरम. यापेक्षा जास्त अक्षरं लिहिली नाहीत. जास्त अक्षरांनी शोभा जाते.

चौदाव्या दिवशी दुपारी मी मोटारीत बसून चकत्या बसवायला घेतल्या. आमच्या दारच्या कडुलिंबाची सावली काचेवर हलत होती. पानांमधून उन्हाचे गोल गोल तुकडे माझ्या हातांवर पडत होते, सरकत होते, एकमेकांत मिसळत होते. कुठंतरी पिंजाऱ्याची धनुकली वाजत होती, टणंग, टणंग. मला वाटलं, उद्या या वेळी मी शिक्षिका असेन. वर्गभर मुली माना खाली घालून पानंफुलं काढत असतील... भानावर आले तेव्हा पाचही चकत्या जागच्या जागी बसलेल्या होत्या, स्क्रू घट्ट आवळलेले होते, आणि ते मी केलं होतं. कसं केलं ते आजतागायत आठवत नाही.

अण्णांनी मोटार काढली. गावातून दोन लांब चकरा मारल्या. परत दारात आलो आणि तिघंही वाकून बघायला लागलो. काटे हलले होते! पेट्रोलचा काटा ‘भ’च्या जवळ. उष्णतेचा ‘थं’ला टेकलेला.

माय म्हणाली, "इतकं पेट्रोल कधी टाकलं हो?"

अण्णा जरा घुटमळले. सकाळीच त्यांनी काठी बुडवली होती आणि ती खालून जेमतेम चार बोटं ओली निघाली होती. त्यांनी काठीकडं बघितलं, मग निळ्या तबकडीकडं, मग माझ्याकडं.

"काठी जुनी झाली," ते म्हणाले आणि ती नेऊन न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मुदतीचा शेवटचा दिवस. शनिवारची शाळा सकाळची, बारापर्यंत कचेरी बंद व्हायची, म्हणून नऊलाच निघायचं ठरलं. मायनं बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, तिघांनी वंदना म्हटली. अण्णांनी नोकरीतला खाकी डगला आणि टोपी चढवली होती. त्यांनी मागचं दार उघडलं, मी आत बसले, आणि त्यांनी ते दार पहिल्यांदाच जोरात लावलं.

चावी फिरवली तर पेट्रोलचा काटा ‘रि’वर.

"आँ? काल तर भरली हुती की!"

"थंडी हाय अण्णा. काटा गारठला असंल."

तेवढ्यात मायला भाकरीचं फडकं विसरल्याचं आठवलं. ती आत गेली, ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि निरोप द्यायला दारात थांबली. तोवर इंजिन दारात घुरघुरत होतं. आणि काटा खरंच हलला! हळूहळू, आळस देत, वर यायला लागला.

"बघा, उठला!" मी टाळी वाजवली.

गावाबाहेर पेट्रोलचा पंप लागला. अण्णांनी पाय उचलला. "टाकावं का थोडं?"

मी मागून मान लांब करून बघितलं. "अर्ध्यावर हाय अण्णा. आन् चढायलाय."

"चढायलाय?"

"व्हय. वर जायलाय काटा."

अण्णांनी बघितलं. काटा खरंच वर जात होता. लेकीनं रंगवलेल्या तबकडीवर अविश्वास दाखवून पेट्रोल भरणं त्यांच्या जिवावर आलं. पंप मागं गेला.

आणि मग ती वाट! अण्णांची नजर मोठ्या तबकडीवर. चाळीसच्या वर जायचं नाही. पण हे चाळीस माझे होते, किलोमीटरचे. साहेबांच्या चाळीस मैलांपेक्षा बरेच कमी. मोटार अशी काही चालली, की दुधाच्या कासंड्या लावलेला एक सायकलवाला मागून आला, आमच्या बरोबरीनं चालत राहिला, अण्णांशी पावसापाण्याचं बोलला आणि राम राम करून पुढं निघून गेला.

"शाली, एक ध्यानात आलं का?" अण्णा म्हणाले. "काच वाजंना गेली. वीस वरसाचं दुखणं हुतं. तुझा हात लागला आन् गेलं बघ."

मी खुशीत मागं टेकले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. सगळा शिवार पांढरा, आणि त्यात वाकलेल्या बायांची लाल, हिरवी लुगडी. कोवळं ऊन. ज्वारी गुडघ्याएवढी. मोटार चालते आहे की शिवारच हळूहळू मागं वाहतो आहे, कळत नव्हतं. झरी गाव आलं, गेलं. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये.

"शाली, किती हाय आता?" अण्णांनी विचारलं. त्यांना स्वतःला दिसत होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"पाऊण. न्हाई, पाऊणच्याबी पुढं."

"तीस वरसं डायवरकी केली. पन गाडी चालायलीय आन् पेट्रोल वाढायलंय, असं कधी बघितलं न्हाई."

"आन् उष्णता ‘थं’वरच हाय बगा. जरासुदिक तापली न्हाई."

"जुनं इंजिन," अण्णा अभिमानानं म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी कारणही शोधून काढलं. रस्ता उताराचा आहे, टाकीच्या कोपऱ्याकापऱ्यातलं पेट्रोल गोळा होऊन पुढं येत असेल. मला ते पटलं. मला त्या दिवशी काहीही पटलं असतं. जिंतूरला पोचेपर्यंत टाकी सांडायला लागेल की काय, एवढीच मला काळजी होती!

बोरी गावाच्या अलीकडं काटा बरोबर ‘भ’वर टेकला आणि मोटार बंद पडली.

दोन आचके दिले, एकदा खोकली आणि थांबली. अण्णा उतरले. बॉनेटवर हात ठेवला आणि "आय्यायाय!" करून उडाले.

"शाली, हिला ताप हाय गं! लय भाजायलीय!"

"काटा तर थंड म्हनायलाय अण्णा."

"काट्याला म्हनावं इकडं हात लाव!"

मग त्यांनी सवयीनं काठीसाठी सीटखाली हात घातला. काठी न्हाणीत. मी शेताच्या कडेची एक वाळकी तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची काडी, उपटून आणली. अण्णांनी ती टाकीत सोडली, पार तळाला टेकवली, वर काढली, हुंगली. तिच्यावरची धूळसुद्धा भिजली नव्हती.

"कोरडी," अण्णा म्हणाले.

मी आत वाकून बघितलं. "इथं ‘भ’ हाय."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. शेतात एक होला घुमत होता. दिवस इतका सुंदर होता, की कोणी खोटं बोलत असेल असं वाटतच नव्हतं. ना काटा, ना तुऱ्हाटी.

तेवढ्यात मागून एसटी आली. आम्ही दोघांनी हात वर केले. पण जुनी सरकारी मोटार, खाकी डगल्यातला ड्रायव्हर आणि पांढऱ्या पातळातली बाई बघून एसटीच्या ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे! त्यानं कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला. अण्णांचाही हात तीस वर्षांच्या सवयीनं कपाळाला गेला. सलामाची देवाणघेवाण झाली आणि एसटी धूळ उडवत निघून गेली.

"अण्णा! थांबवायची हुती!"

"सलाम केला त्यानं. काय करणार!"

पुढची एसटी दुपारी. मला रडू फुटलं. पंधरा दिवस दिले होते सरकारनं! त्यातले चौदा मी तबकड्यांच्या नादात घालवले होते. डगल्याच्या बाहीनं अण्णांनी मोटारीचा आरसा पुसला, एकदा, दोनदा. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

कापसाचा ट्रक होता. मानवत गावचा. वर कापूस इतका रचलेला, की चाकांवर ढग ठेवल्यासारखा. ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "काय उस्ताद, काय झालं?"

"लेकीला नोकरीवर सोडायचंय. बारापस्तोर जिंतूर गाठायचंय. पेट्रोल..." अण्णा थांबले. माझ्याकडं बघितलं. "पेट्रोल हाय, पन गाडी चालंना."

खरं सांगायला त्यांना माझ्यासमोर जमलं नाही.

ट्रकवाल्याकडं जादा पेट्रोल नव्हतं, पण दोरखंड होता. समोर बसायला जागा नव्हती, तिथं कापूस वेचणाऱ्या चार बाया आधीच होत्या. मग मोटार ट्रकाच्या मागं बांधली. अण्णा स्टिअरिंगवर, मी मागच्या सीटवर, आणि निघालो.

त्या ट्रकवाल्याला चाळीसचा हुकूम कोणी दिलेला नव्हता. मोठा काटा पन्नासवर गेला. पंचावन्न. साठ! अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते. वीस वर्षांत आमची मोटार एवढी कधी धावली नव्हती, आणि आता धावत होती ती बंद पडून! चौसष्टला, म्हणजे साहेबांच्या चाळीस मैलांवर, डाव्या दाराची काच खडखडायला लागली.

"शाली!" अण्णा ओरडले. "दुखणं परत आलं!"

समोरच्या ढगातून कापूस सुटत होता. माझ्या बाजूच्या दाराला काचच नव्हती. पांढरे पुंजके तरंगत आत येत होते, माझ्या केसांवर, भुवयांवर, पातळावर हलकेच बसत होते. बाहेर शिवार पांढरा, आत मी पांढरी. डोळ्यांतलं पाणी वाळून गेलं. सगळं इतकं हलकं, इतकं बिनआवाजी झालं होतं, की नोकरी गेली तरी चालेल असं मला क्षणभर वाटलं.

"शाली," अण्णांचा आवाज एकदम वेगळा आला. चावी त्यांनी चालूच ठेवली होती. "पेट्रोल कमी व्हायलंय."

"आँ?"

"‘भ’वरून खाली यायलंय. इंजिन बंद. मंग पितंय कोन?"

मी पुढं वाकले. काटा खरंच उतरत होता. पाऊण. अर्धा. वारा लागून इंजिन गार होत होतं, आणि इंजिन जसं गार होत होतं तसा... माझ्या डोक्यात शंभर लंबक एकदम थांबले. ये दोनो जुडवे भाई हैं. देखको बिठाना.

"अण्णा," मी म्हणाले. "ते पेट्रोल न्हाई. ती उष्णता हाय. आन् ‘थं’ म्हंजे थंड न्हाई. ‘थं’ म्हंजे रिकामी. मी चकत्या उलट्या बसविल्या."

मला अण्णांची पाठ दिसत होती, कापसानं पांढरी झालेली. मग ती पाठ हलायला लागली. मला वाटलं, रडताहेत.

ते हसत होते.

"म्हंजे दोनीबी काटे बरोबर हाईत की गं! नुसत्या पाट्या चुकल्यात! मुनीरभाईचं कामबी पक्कं, तुझं रंगकामबी पक्कं!" आणि पुन्हा हसले, इतके, की मोटार दोरीवर नागमोडी चालायला लागली आणि पुढच्या बाया ओरडल्या.

जिंतुरात शाळा उताराच्या तोंडाशी होती. अण्णांनी वरच्या वळणावरच ट्रक थांबवून दोर सोडवला. "लेक दोरीनं बांधून फाटकात जायची न्हाई," ते म्हणाले. टोपी झटकून नीट केली आणि मोटार उतारावर सोडून दिली.

मोटार निघाली. आवाज नाही, धूर नाही. शाळेच्या फाटकातून ती तरंगत आत शिरली आणि पायऱ्यांपुढं येऊन थांबली. वर्गातली कलकल एकदम बंद झाली. खिडक्याखिडक्यांतून डोकी. अण्णांनी उतरून मागचं दार उघडलं, टाचा जुळवल्या आणि मला सलाम केला.

हेडमास्तर धावत बाहेर आले. ठेंगणे, जाड भिंगाचा चष्मा. त्यांना दिसलं ते एवढं: सरकारी मोटार, खाकी ड्रायव्हर, आणि पांढऱ्या केसांची, पांढऱ्या भुवयांची, पांढऱ्या पातळातली एक वयस्क बाई. शाळेत त्या आठवड्यात तपासणी यायची होती.

"या, या बाईसाहेब! कळवलं असतं तर फाट्यावर माणूस ठेवला असता! काय मोटार! आवाजच न्हाई!"

मी बोलणार होते. खरंच. पण त्यांनी मला थेट स्वतःच्या खुर्चीत बसवलं, आणि ती खुर्ची फार मऊ होती. चहा आला. समोर भेटीची वही आली. हेडमास्तरांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात त्यात लिहिलं, ‘बाईसाहेबांचे आगमन, अकरा वाजून चाळीस मिनिटे.’

"शाळा कशी काय चालली आहे?" मी विचारलं. (काहीतरी विचारायला हवं होतं!)

"उत्तम! फक्त चित्रकलेची जागा रिकामी हाय. एक बाई नेमल्यात, पन आज शेवटचा दिवस, अजून पत्ता न्हाई. बेजबाबदार असतात आजकालच्या पोरी."

"असतात," मी म्हणाले. मला ते मनापासून पटलं होतं.

"काय करावं म्हणता? नेमणूक रद्द करावी म्हणून लिहू का वर?"

"थोडी वाट बघावी," मी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात नाकात कापूस गेला. मी शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर अशी, की टेबलावरचे कागद उडाले आणि डोक्यावरचा सगळा कापूस भसकन खाली आला. हेडमास्तरांच्या खुर्चीत, त्यांच्या डोळ्यांदेखत, बाईसाहेब चाळीस वर्षांनी लहान झाल्या.

मी उठून उभी राहिले आणि हुकूम त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं.

"मुदत संपली बाई," ते थंडपणे म्हणाले.

मी भेटीची वही हळूच त्यांच्याकडं सरकवली. "सर, मी आले त्याची वेळ तुमच्याच अक्षरात हाय."

ते वहीकडं बघत राहिले. खिडकीतून अण्णा दिसत होते. मोटारीतला कापूस गोळा करून रुमालात बांधत होते, आणि मधेच थांबून एकटेच हसत होते.

"ते कोण?"

"वडील."

हेडमास्तरांनी बाहेर बघितलं, बराच वेळ. मग मस्टर पुढं ओढलं. "सही करा," ते म्हणाले. "आणि शेवटच्या दिवशी, इतक्या उशिरा का आलात, याचा लेखी खुलासा द्या. तो वर पाठवावा लागतो."

तबकड्या मी पुन्हा नीट बसवून देते म्हणाले, तर अण्णांनी हात लावू दिला नाही. "राहू दे. मला आता दोघांची भाषा कळायलीय," म्हणाले, आणि मोटार चालली तोवर ती तशीच चालवली.

खुलासा मी त्याच दिवशी हेडमास्तरांसमोर बसून लिहिला. अगदी खरा लिहिला, कारण कचेरीत खोटं लिहू नये असं अण्णांनी शिकवलं होतं. ‘मोटारीत पेट्रोल पूर्ण भरलेले असल्याने ती वाटेत बंद पडली. इंजिन अतिशय थंड असल्याने वडिलांचा हात भाजला. नंतर मोटार बंद असताना ती नेहमीपेक्षा वेगाने चालवून वेळेत पोहोचले. तरी क्षमा असावी.’

तीन महिन्यांनी तो कागद वरच्या कचेरीतून परत आला. खाली लाल शाईत शेरा होता: ‘खुलासा मान्य. मात्र सदर शिक्षिकेकडे विज्ञान विषय कोणत्याही परिस्थितीत सोपवू नये.’

पुढं मी एकतीस वर्षं नोकरी केली. साहेब आले, गेले, शेरे बरेच मिळाले. पण एका परिच्छेदावरून माणूस इतका अचूक ओळखणारा साहेब मला पुन्हा भेटला नाही.